जॅकी आणि शॅडोचं घरटं: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

जॅकी आणि शॅडो ही बाल्ड ईगलची, म्हणजे पांढऱ्या डोक्याच्या अमेरिकन गरुडांची जोडी. त्यांच्या बिग बेअरच्या घरट्याचं थेट प्रक्षेपण कुणाला बघायला सांगितलं की पहिल्या आठवड्यातच प्रश्न यायला लागतात. आधी ‘कुठे आहे’, ‘किती वाजता बघू’ आणि मग एखाद्या रात्री घाईघाईनं लिहिलेलं ‘अहो, पिल्लू हलत नाहीये, कुणी काही करत का नाही?’ दर हंगामात हेच प्रश्न येतात म्हणून ते इथे एकत्र केले आहेत. जीव फारच खालीवर होत असेल तर थेट प्रश्न ११ वाचा.

१. हे घरटं नेमकं कुठे आहे?

अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातल्या सॅन बर्नार्डिनो राष्ट्रीय वनात, बिग बेअर तलावाजवळ. उंची समुद्रसपाटीपासून सुमारे ७,००० फूट, म्हणजे महाबळेश्वरच्या जवळपास दीडपट. जेफ्री पाइन जातीच्या एका झाडावर, जमिनीपासून सुमारे १४५ फुटांवर काटक्यांचं हे घरटं आहे. फ्रेंड्स ऑफ बिग बेअर व्हॅली या स्वयंसेवी संस्थेनं २०१५ मध्ये तिथे कॅमेरा बसवला आणि तेव्हापासून इंटरनेटवर चोवीस तास, फुकट प्रक्षेपण चालू आहे. आता दोन कॅमेरे आहेत. एक घरट्यावर रोखलेला, दुसरा झाड आणि मागचा तलाव दाखवणारा.

२. भारतातून बघायचं तर कोणत्या वेळी?

हिवाळ्यात तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेतेरा तास मागे असतं. मार्चच्या दुसऱ्या रविवारी ते तास पुढे करतात, मग फरक साडेबारा तासांचा होतो. जानेवारीत तिथे सूर्य उगवतो तेव्हा आपल्याकडे रात्रीचे सव्वाआठ वाजलेले असतात. एप्रिलमध्ये तीच वेळ संध्याकाळी पावणेसातच्या आसपास येते. पहाटेनंतरचा पहिला मासा बघायचा तर आपली संध्याकाळ उत्तम. पिल्लांना दिवसातलं शेवटचं भरवणं बघायचं तर एप्रिल-मेमध्ये सकाळी चहाच्या वेळी लावा. दुपारी दोन-तीनला उघडलंत तर तिथे मध्यरात्र असते आणि पिसांचा एक झोपलेला ढीग दिसतो. काही जणांना तोही आवडतो, मला तर फारच.

३. जॅकी कोण, शॅडो कोण? दोघं सारखेच दिसतात.

जॅकी मादी, शॅडो नर. शिकारी पक्ष्यांत बहुधा मादी मोठी असते, बाल्ड ईगलमध्येही तसंच. दोघं शेजारी उभे राहिले की फरक लगेच कळतो. एकटा पक्षी असेल तर डोळ्यावरची भुवई बघा. जॅकीची जाड आणि पुढे आलेली आहे, म्हणून ती कायम जरा रागावल्यासारखी वाटते. तिची हाकही शॅडोपेक्षा खालच्या पट्टीतली आहे.

जॅकी २०१२ मध्ये याच खोऱ्यात जन्मली. बिग बेअर खोऱ्यात जन्मल्याची नोंद झालेलं हे बाल्ड ईगलचं पहिलं पिल्लू. शॅडो २०१८ मध्ये आला. त्याआधी या घरट्यात जॅकीबरोबर दुसरा नर होता, त्याला मिस्टर बी म्हणत. शॅडो काही काळ आसपास फिरत राहिला आणि शेवटी मिस्टर बी निघून गेला. म्हणजे ‘गरुड आयुष्यभर एकच जोडीदार ठेवतात’ हे बहुतेक वेळा खरं असलं तरी तो नियम नाही.

४. कॅमेऱ्याचा आणि रात्रीच्या दिव्याचा त्यांना त्रास होत नाही का?

रात्री वापरतात तो अवरक्त प्रकाश. तो कॅमेऱ्याला दिसतो, गरुडांना दिसत नाही. त्यांच्यासाठी तिथे काळोखच असतो. कॅमेऱ्याची दुरुस्ती पिल्लं उडून गेल्यावर, नवा हंगाम सुरू होण्याआधी करतात. हंगामात कॅमेरा बंद पडला तर झाडावर चढता येत नाही. चित्र अंधुक झालं किंवा काचेवर बर्फ साचला तर वाट बघायची.

५. वर्षातून कधी काय घडतं?

साधारणपणे असं: ऑक्टोबर-नोव्हेंबरपासून काटक्या आणणं, जानेवारीत अंडी, मार्चच्या सुरुवातीला पिल्लं, मेअखेर ते जूनमध्ये पहिलं उड्डाण. २०२५ चा हंगाम नमुन्यादाखल घ्या. २२, २५ आणि २८ जानेवारीला तीन अंडी. ३, ४ आणि ८ मार्चला तीन पिल्लं. जूनच्या पहिल्या आठवड्यात दोन पिल्लांचं उड्डाण. तिसऱ्याचं काय झालं ते प्रश्न ११ मध्ये आहे. सगळीच वर्षं अशी नसतात. २०१९ मध्ये पिल्लं एप्रिलच्या मध्यावर जन्मली होती.

६. पहिलं अंडं घातलं आणि ते उघडं टाकून दोघं गेले! थंडीनं खराब नाही का होणार?

बहुधा नाही. अंडी दोन-तीन दिवसांच्या अंतरानं येतात. पहिल्यापासूनच पूर्ण ऊब दिली तर पहिलं पिल्लू फार आधी बाहेर येईल आणि धाकटं त्याच्या मानानं फारच लहान राहील. म्हणून सुरुवातीला गरुड अंडं नुसतं गोठण्यापासून वाचवतात आणि खरं उबवणं नंतर सुरू करतात. तरी दोन पिल्लांत फरक राहतोच, त्याबद्दल प्रश्न १० बघा.

एकदा उबवणं सुरू झालं की मात्र त्यांची चिकाटी बघत राहावी अशी. पोटाखाली पिसं नसलेला कातडीचा एक भाग असतो. बसताना पक्षी अंग डोलवत डोलवत तो अंड्यांना नीट टेकवतो. अधूनमधून उठून चोचीनं अंडी फिरवतो, कडेचं गवत आत ओढतो, पुन्हा बसतो. दोघंही पाळीपाळीनं बसतात. रात्रपाळी बहुतेक जॅकीची. फेब्रुवारी २०२४ च्या वादळात ती अंड्यांवरून सुमारे ६२ तास उठली नाही. पाठीवर बर्फाचा थर चढला आणि घरट्यात फक्त तिचं डोकं दिसत होतं. उलट निरभ्र दुपारी शॅडो पाळी घ्यायला येतो, जॅकी हलत नाही, मग तो तिच्या अंगाला अंग लावून हळूच ढकलत राहतो. असं कितीतरी वेळा बघितलं तरी पुढच्या वेळी मी काम सोडून बघतेच.

७. अंड्याला भोक पडलंय, पण पिल्लू अजून बाहेर आलं नाही. अडकलं असेल का?

बाल्ड ईगलचं अंडं साधारण ३५ दिवसांत फुटतं. बिग बेअरच्या उंचीवर आणि थंडीत ३८ ते ४० दिवस लागतात. पिल्लाच्या चोचीच्या टोकावर एक छोटा कठीण उंचवटा असतो, त्यानं ते आतून कवच ठोकतं. पहिलं भोक पडल्यापासून पूर्ण बाहेर येईपर्यंत एक-दोन दिवस सहज जातात. मधे तासन् तास काहीच होत नाही, कारण पिल्लू दमून विश्रांती घेत असतं. आईबाप कवच फोडून मदत करत नाहीत. क्वचित जन्मताना पिल्लू दगावतं, २०२१ मध्ये तसं झालं. पण नुसता वेळ लागतोय यावरून तसं समजू नका.

८. एवढ्या नख्या घेऊन पिल्लांमध्ये चालतात, इजा कशी होत नाही?

जवळचा कॅमेरा लावा आणि फक्त पाय बघा. शिकार आणताना पंजा पसरलेला, नख्या बाहेर. घरट्याच्या मध्याकडे वळताच बोटं आत मिटतात आणि गरुड मुठींवर चालू लागतो, एकेक पाऊल चाचपत. ज्या पायांनी तलावातला जिवंत मासा उचलला तेच हे पाय. कुणाला पहिल्यांदा हे घरटं दाखवताना मी आधी हेच दाखवते.

९. मोठ्यालाच भरवतायत, धाकटं उपाशी राहील. आणि आज तर काहीच खाल्लेलं दिसत नाही.

जन्मल्यावर पहिला दिवसभर पिल्लाच्या पोटात अंड्यातल्या बलकाचा साठा असतो, त्यामुळे लगेच भरवलं नाही तरी बिघडत नाही. पुढे जे मान वर करून चोच उघडतं त्याला आधी घास मिळतो, तेही बहुतेक मोठं. त्याचं पोट भरलं की ते लवंडतं आणि मग धाकट्याची पाळी येते. भरवण्याची फक्त सुरुवात बघून खिडकी बंद करणाऱ्यांना धाकटं कायम उपाशीच दिसतं.

पोट भरलंय का हे ओळखायला गळ्याखाली बघा. तिथे अन्न साठवण्याची पिशवी असते, भरली की गोटीसारखी फुगते. गोटी दिसली की निश्चिंत व्हा, मग घास कॅमेऱ्यात दिसले असोत किंवा नसोत.

१०. मोठं पिल्लू धाकट्याला टोचून टोचून मारतंय. आई बघत बसलीय!

हा प्रकार पहिल्या दोन-तीन आठवड्यांत जवळपास प्रत्येक घरट्यात होतो. नुकतं जन्मलेलं पिल्लू नीट बघूही शकत नाही, समोर हलेल त्यावर चोच मारतं. पुढे तेच ‘आधी मी’ ठरवण्याचं साधन होतं. धाकटं मान खाली घालून गप्प पडलं की बहुतेक वेळा मारही थांबतो. अन्न मुबलक असेल तर हे आपोआप कमी होतं आणि महिन्याभरानं तीच दोघं एकमेकांना टेकून झोपलेली दिसतात. अन्न कमी पडलं तर धाकटं मरू शकतं, हेही खरं. आई मधे पडत नाही. तिला यात निष्ठूर म्हणणं मला पटत नाही. तिचं काम घरट्यात पुरेसा मासा आणणं आणि ऊब देणं, ते दोघं करत असतात.

११. पिल्लू मरताना सगळं जग बघतं, मग कुणी मदत का करत नाही?

सगळ्यांत जास्त येणारा आणि सगळ्यांत कळवळून विचारलेला प्रश्न. १३ मार्च २०२५ च्या रात्री बिग बेअरला मोठं हिमवादळ झालं, दोन फुटांच्या आसपास बर्फ पडला. घरट्यात तीन पिल्लं, सगळ्यांत धाकटं जेमतेम पाच दिवसांचं. जॅकी रात्रभर त्यांच्यावर पंख पसरून होती. सकाळी दोनच पिल्लं दिसली. तिसऱ्याचं नाव नंतर मिस्टी ठेवलं. त्याआधी २०१९ मध्ये मेअखेरच्या गारठ्यात कुकी गेला होता. तो चांगला सहा आठवड्यांचा होता; त्याचं भावंड सिंबा वाचलं आणि उडालं.

आता त्या रात्री कुणी गेलं असतं तर काय झालं असतं ते डोळ्यांसमोर आणा. वादळात १४५ फूट चढायचं. माणूस जवळ येताच जॅकी उडणार, म्हणजे तिच्या पोटाखालची तिन्ही पिल्लं उघडी पडणार. एकाला वाचवायला जाऊन तिघांना घालवण्याचा हा मार्ग आहे. थोडी मोठी पिल्लं असतील तर ती घाबरून घरट्याबाहेर उडी टाकतात, पंख तयार नसताना. शिवाय अमेरिकेत १९४० पासून बाल्ड ईगलसाठी स्वतंत्र कायदा आहे; पक्ष्याला, अंड्याला, घरट्याला हात लावणं तर सोडाच, त्रास देणंसुद्धा गुन्हा आहे. हंगामात वनखातं झाडाच्या आसपासचा परिसर लोकांसाठी बंद ठेवतं.

अपवाद आहेत. २०२१ मध्ये फ्लोरिडात फोर्ट मायर्सजवळच्या घरट्यातल्या दोन पिल्लांचे डोळे संसर्गानं मिटले, तेव्हा परवानगी घेऊन त्यांना उतरवलं, उपचार केले आणि परत घरट्यात ठेवलं. मासेमारीच्या दोऱ्यात पाय अडकणं अशा माणसानं निर्माण केलेल्या संकटातही कधी कधी परवानगी मिळते. पण हा निर्णय वन्यजीव अधिकारी आणि पशुवैद्य घेतात. थंडी, भूक, भावंडांची मारामारी यांत कुणी उतरत नाही आणि माझ्या मते तेच बरोबर आहे. कॅमेरा लावला म्हणून घरटं आपल्या ताब्यात आलेलं नाही. आपल्याला दिसत नाहीत अशा हजारो घरट्यांतही त्याच रात्री हेच चाललेलं असतं.

१२. पिल्लू गेल्यावर त्यांना दुःख होतं का?

मेलेल्या पिल्लाला चोचीनं हलवून बघणं, त्याच्याजवळ उभं राहणं हे कॅमेऱ्यात दिसतं. मग ते उरलेल्यांना भरवायला लागतात. मृत पिल्लू घरट्याच्या गवतात गाडलं जातं, क्वचित खाल्लंही जातं. त्यांच्या मनात काय चालतं ते दृश्यावरून ठरवू नये. जे दिसतं तेवढंच मुलांनाही सांगावं.

१३. तारीख उलटून गेली तरी अंडी फुटली नाहीत आणि ते बसूनच आहेत. त्यांना कळत नाही का?

२०२४ मध्ये नेमकं हेच झालं. तीन अंडी, सगळीकडे उत्सुकता आणि एकही फुटलं नाही. तरी दोघं अनेक आठवडे जास्त बसले. फलन झालं नव्हतं की वाढ मधेच थांबली, हे अंडं तपासल्याशिवाय सांगता येत नाही. बाहेरून सगळी अंडी सारखीच. बसणं एका दिवसात संपत नाही. उबवण्याच्या मधल्या सुट्ट्या लांबत जातात, मग एक दिवस अंडी दुपारभर उघडी राहतात. तेव्हा समजायचं.

१४. डोमकावळ्यांनी अंडी फोडली. आता हंगाम संपला?

लवकर घडलं असेल तर नाही. अंडी गेल्यावर साधारण महिन्याभरात दुसऱ्यांदा अंडी घालता येतात. २०२१ मध्ये पहिली अंडी डोमकावळ्यांनी नेल्यावर जॅकीनं पुन्हा घातली. फेब्रुवारीच्या शेवटी अंडी गेली तर शक्यता फार कमी. डोमकावळ्यांना शिव्या देणारे बरेच भेटतात. त्यांचीही घरटी त्याच जंगलात असतात.

१५. नावं कोण ठेवतं?

लोकांकडून नावं मागवतात आणि बिग बेअरच्या प्राथमिक शाळेतली मुलं त्यांतून मतदानानं निवडतात. २०२२ ची स्पिरिट, २०२५ च्या सनी आणि गिझ्मो ही अशीच निवडलेली नावं. मिस्टी हे नाव मात्र संस्थेच्या एका दिवंगत स्वयंसेविकेच्या आठवणीत आहे.

१६. पिल्लं आईबापांपेक्षा मोठी आणि पूर्ण तपकिरी कशी?

पांढरं डोकं आणि पांढरी शेपटी यायला चार-पाच वर्षं लागतात. पहिल्या वर्षीची पंखांची आणि शेपटीची पिसं प्रौढांपेक्षा लांब असतात, म्हणून ती मोठी दिसतात. उडायला शिकताना त्याचा फायदाच होतो.

१७. पिल्लू कडेवरून घसरलं आणि दिसेनासं झालं. पडलं की उडालं?

वयावर अवलंबून आहे. दहा ते चौदा आठवड्यांच्या दरम्यान पहिलं उड्डाण होतं. त्याआधी पिल्लं घरट्यातच पंख मारत उड्या घेतात, मग शेजारच्या फांदीवर चढतात. पहिलं उड्डाण अनेकदा अपघातासारखंच दिसतं: फांदीवर पाय निसटतो, पंख उघडतात आणि ते गेलेलं असतं. झाड दाखवणाऱ्या दुसऱ्या कॅमेऱ्याचं चित्रण मागे नेऊन बघा. उडाल्यावरही बरेच आठवडे आईबाप त्यांना खायला देतात, कधी घरट्यावर, कधी तलावाच्या काठी. त्यामुळे एक दिवस घरटं रिकामं दिसलं म्हणून निष्कर्ष काढू नका.

१८. हा चिवचिवाट गरुडाचाच आहे?

हो. सिनेमात गरुडाबरोबर जी लांबलचक, कर्कश किंकाळी ऐकू येते ती बहुतेक वेळा रेड-टेल्ड हॉक या दुसऱ्याच पक्ष्याची असते. बाल्ड ईगलचा खरा आवाज बारीक आणि तुटक असतो.

१९. हा पक्षी इतका दुर्मिळ आहे का?

आता नाही. १९६३ मध्ये अलास्का वगळता अमेरिकेच्या मुख्य भूमीवर फक्त ४१७ घरटी करणाऱ्या जोड्या उरल्या होत्या. मुख्य कारण डीडीटी हे कीटकनाशक. ते माशांतून गरुडांत जाई, अंड्यांचं कवच पातळ होई आणि आईच्याच वजनानं अंडी फुटत. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, २००७ मध्ये हा पक्षी संकटग्रस्त यादीतून बाहेर पडला. नंतरच्या सरकारी अंदाजात तोच आकडा ७१,००० जोड्यांच्या वर आहे. जॅकी अंड्यावर बिनधास्त अंग टाकून बसते, तेव्हा हा इतिहास माहीत असलेला माणूस ते वेगळ्या नजरेनं बघतो.

२०. लहान मुलांना दाखवावं का?

जरूर, पण पहिल्या दिवशी शेजारी बसा. मासा कधी कधी जिवंत असतो, तर कधी बदक किंवा वारकरी पक्षी आणलेला असतो आणि तो तिथेच सोलला जातो. वादळाच्या दिवशी आधी स्वतः बघा, मग दाखवा.

२१. आपल्याकडे असं घरटं बघायला मिळेल का?

कोकण किनाऱ्यावर याचा जवळचा नातलग आहे, पांढऱ्या पोटाचा समुद्री गरुड. वरून राखाडी, खालून पांढरा. मासे आणि समुद्रसाप खातो. पावसाळा सरल्यावर किनाऱ्यालगतच्या उंच, जुन्या झाडांवर तो घरटं करतो आणि तेच घरटं वर्षानुवर्षं वापरतो. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेनं या घरट्यांच्या नोंदी केलेल्या आहेत.

पण इथे कॅमेरा नाही, तुम्ही स्वतः असणार. त्यामुळे प्रश्न ११ मधली प्रत्येक गोष्ट तुम्हाला लागू होते. दुर्बिणीनं लांबून बघा, झाडाखाली उभे राहू नका, ड्रोन तर अजिबात नको. पक्षी उठून ओरडत घिरट्या घालू लागला तर तुम्ही फार जवळ गेला आहात, लगेच मागे फिरा. घरट्याचा फोटो टाकलात तरी गावाचं नाव आणि नकाशावरची जागा टाकू नका. आणि ते झाड तोडायचं घाटत असल्याचं कानावर आलं तर त्याच दिवशी वनखात्याला कळवा. घरटं रिकामं असेल तरीही, कारण पुढच्या वर्षी जोडी तिथेच परत येते.